हाडांच्या विभागातून लहान मुलं कुठं गेली? दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीला खुलं पत्र

प्रति,
आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीचे अध्यक्ष आणि सभासद, आणि त्यांच्या वरचे आरोग्य खात्याचे सगळे साहेब नि मॅडम,

नमस्कार.

तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही. एका दवाखान्यावर आणि तिथल्या एकट्या डॉक्टरवर खापर फोडायला हे पत्र लिहिलेलं नाही, आणि निपाणीपासून लोंढ्यापर्यंत ज्याला हे आपल्याच दवाखान्याचं वाटेल त्यानं खुशाल आपलं समजावं. तुम्हाला कागदावर अर्ज आधीच दिलाय, पोचही घेतलीय, खरं उत्तर काय आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

मी फ्लेक्सवाला. बाबा पेंटर होते, ब्रशनं बोर्ड रंगवायचे, कन्नड मराठी इंग्लिश तिन्ही लिप्या त्यांच्या हातात होत्या. आता मशीन आहे, खरं धंदा तोच. (1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा अख्ख्या जिल्ह्यानं पाट्या बदलल्या, इकडचे तिकडचे सगळे भांडत होते आणि आम्ही बोर्डवाले रात्री जागून कामं उरकत होतो, हे पण सांगून टाकतो.) तर तुमच्या दवाखान्यातला हाडांच्या विभागाचा जुना पत्र्याचा बोर्ड बाबांच्या हातचा होता. वर कन्नड, मग मराठी, खाली इंग्लिश. आणि त्याच्या खाली, पूर्वीच्या एका डॉक्टरसाहेबांनी सांगून लिहून घेतलेली एक ओळ, कन्नड आणि मराठी दोन्हीत: लहान बाळांचे वाकडे पाय, दर गुरुवारी तपासणी. ते डॉक्टर बदली होऊन गेले, ओळ राहिली.

आता इमारतीला रंग लागला, नवीन बोर्ड आले, ऑर्डर माझ्याकडंच आली. मेलमध्ये मॅटर होतं ते फक्त कन्नड आणि इंग्लिश. मराठी गेलं. ती गुरुवारची ओळही गेली. मी फोन करून विचारलं, साहेब खालची ओळ राहिली काय, तर म्हणाले मेलमध्ये आहे तेवढंच छापा. छापलं. लावून आलो. नंतर कळलं की ओळ चुकून राहिलेली नाही, गुरुवारच बंद केलाय, आता लहान मुलांनी पण रोजच्या ओपीडीच्या लाइनीत थांबायचं.

हे मी गप गिळलं असतं, पण त्या इंग्लिश शब्दानं मला अडकवलं. तुमच्या मेलमध्ये ऑर्थोपेडिक एका ठिकाणी मधे 'ए' घालून होतं आणि दाराच्या पाटीसाठी तोच शब्द 'ए' गाळून. बोर्डवाल्याला असलं चालत नाही, एकदा चुकीचं छापलं की परत छापायचे पैसे आपल्याच खिशातनं. म्हणून शोधत बसलो. दुकानात बसलेल्या एकानं सांगितलं, पेड म्हणजे पाय की, पेडल, पेडिक्युअर, तसंच हे. बरोबर वाटलं. पण ते चूक आहे. तो पायाचा पेड लॅटिनमधला. ऑर्थोपेडिकमधला पेड ग्रीकमधला आहे आणि त्याचा अर्थ मूल. लहान मुलांच्या डॉक्टरला आपण पेडियाट्रिक म्हणतो ना, तोच. ऑर्थोस म्हणजे सरळ आणि पायदिऑन म्हणजे लहान मूल. तो मधला 'ए' त्या मुलाचाच उरलेला भाग आहे, अमेरिकावाले बरेचदा गाळतात, ब्रिटिश ठेवतात, दोन्ही चालतं. हाड हा अर्थ त्या अख्ख्या शब्दात कुठंच नाही! आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला हाडाचा डॉक्टर म्हणतोय.

आणि हा शब्द काय प्राचीन ग्रीक वैद्यांचा पण नाही. निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं तो जुळवून तयार केला, 1741 साली, वय ऐंशीच्या पुढं असताना. माणूस लियाँचा, पॅरिसच्या मेडिकल फॅकल्टीचा डीन होऊन गेलेला, सर्जन लोकांशी कायम भांडण, आणि त्याच्या आधी पोटातल्या जंतांवर पुस्तक लिहून नाव काढलेला. या म्हाताऱ्यानं म्हातारपणी ऑर्थोपेडी नावाचं दोन भागांचं पुस्तक काढलं आणि नाव असं का ठेवलं ते स्वतःच सांगून टाकलं: मुलांच्या शरीरातलं वाकडेपण होऊ न देणं आणि झालं तर सरळ करणं, हे एका शब्दात सांगायचं होतं म्हणून दोन ग्रीक शब्द जोडले. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर ते पुस्तक डॉक्टरांसाठी नव्हतंच. आईबापांसाठी होतं, आणि मुलं सांभाळणाऱ्या माणसांसाठी. 1743 मध्ये इंग्लिशमध्ये आलं तेव्हा नावातच लिहिलं की यातले उपाय आईवडिलांना घरी सहज करता येतील असे आहेत. त्यात एक चित्र आहे, वाकड्या खोडाचं कोवळं झाड सरळ खुंट्याला दोरीनं बांधलेलं. ते चित्र आज जगभरच्या ऑर्थोपेडिक संघटनांच्या चिन्हात असतं, तुमच्याही डॉक्टरांच्या एखाद्या सर्टिफिकेटवर सापडेल, बघा. लोकांना वाटतं झाडाचं हाडाशी काय, तर त्याचा संबंध वाढत्या मुलाशी आहे, वाढ चालू आहे तोवरच वळवता येतं.

मग हाडं कुठनं आली? हळूहळू आली. 1780 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ऑर्ब गावात व्हेनेल नावाच्या डॉक्टरनं या कामासाठी पहिली संस्था काढली ती पण मुलांसाठीच. पुढं 1850 च्या सुमारास माथाइसेन या डच मिलिटरी डॉक्टरनं प्लास्टरच्या पट्ट्या काढल्या, 1895 ला एक्स-रे आला, पहिल्या महायुद्धात मांड्या मोडलेले हजारो सैनिक आले आणि थॉमस स्प्लिंटनं, म्हणजे मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या सळयांच्या चौकटीनं, त्यातले कित्येक वाचले, आणि मुलांसाठी काढलेला विभाग मोठ्या माणसांनी भरून गेला. आपल्याकडं तर मोटरसायकली आल्या. मी तक्रार करत नाही, मोडलेल्या माणसाला पण जायला जागा पायजेच. खरं ज्याच्या नावानं घर बांधलं त्यालाच व्हरांड्यात बसवायचं, हे मला पटत नाही.

आता माझा यात काय संबंध ते सांगतो. माझी भाची जंगलाकडच्या गावात दिलीय. तिला पहिला मुलगा झाला, सरकारी दवाखान्यातच, दोन्ही पाय आत वळलेले, तळवे एकमेकांकडं बघणारे. वॉर्डात कुणीतरी बघितलं, पुढं दाखवा म्हणाले. कुठं दाखवा, कधी दाखवा, कोण सांगणार. घरी सासूबाई म्हणाल्या गिराणात, म्हणजे ग्रहणात, हिनं काहीतरी चिरलं असणार. पोरगी आधीच बाळंतीण, त्यात हा डाग माथ्यावर. तेल लावून चोळा, होईल सरळ, असं म्हणत महिने गेले. शेजारच्या गावात हाडं बसवणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडं नेलं, त्यांनी बांबूच्या कामट्या लावून बांधलं, मग पायाला सूज आली तेव्हा सोडलं. त्या आजोबांना मी नावं ठेवत नाही. तो थॉमस स्प्लिंटवाला थॉमस पण पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवणाऱ्यांच्या घराण्यातलाच होता, फक्त तो डॉक्टरकी शिकून आला. मला प्रश्न हा पडतो की माणसं तुमच्या दारावरनं पुढं जाऊन आजोबांकडं का जातात. कारण आजोबा कळेल असं बोलतात. आणि त्यांच्या दारात बोर्ड लागत नाही, अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे तिथं काय करतात.

तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय ते वाचा एकदा. मूळे मत्तु कीलु, म्हणजे हाडं आणि सांधे. हे बेंगळूरकडचं कन्नड. आमच्याकडचे कन्नड बोलणारे लोक हाडाला एलुबु म्हणतात, माझा शेजारी पक्का कन्नड माणूस, बोर्ड लावताना शिडी धरून उभा होता, तोच म्हणाला, इकडं एलुबु-कीलु लिहायला नको होतं काय. आणि मराठी माणूस मूळे ऐकलं की मूळव्याधीकडं जातो, हसू नका, असा एक जण खरंच दारात उभा होता. जुन्या बोर्डावर मराठीत अस्थिरोग होतं ते पण काय फार सोयीचं नव्हतं म्हणा, आमच्या आज्जीला अस्थी म्हटलं की गंगा आणि पंचगंगाच आठवायची, म्हणायची जिवंत माणसाला या खोलीत कशाला नेताय! महाराष्ट्रात सरकारी कागदावर अस्थिव्यंगोपचार लिहितात, तो शब्द वाचेपर्यंत पेशंटचा नंबर जातो. म्हणून मी भाषेचं भांडण काढतोय असं कृपा करून समजू नका. कन्नड वर पायजे, मोठं पायजे, 2024 च्या दुरुस्तीनंतर धंद्याच्या पाट्यांवर वरचे साठ टक्के कन्नड लागतं ते मी रोज पट्टी लावून मोजतो. तोच हिशोब तुमच्या बोर्डाला लावला तरी चाळीस टक्के जागा उरते. आणि जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत पण द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं ठरवून दिलेल्या संरक्षणातच आहे, मी काय नवीन मागत नाही. खरं माझी मुख्य तक्रार ही आहे की या बोर्डावर कुठल्याच भाषेत मूल नाही. मूळे वाचा नाहीतर अस्थी वाचा, पाय वाकडा असलेल्या बाळाच्या आईला हे दार आपलं आहे हे कळत नाही. बाळाचं हाड मोडलेलं नाही ना! ती कशाला येईल हाडाच्या डॉक्टरकडं?

दुसरी गोष्ट गुरुवारची, आणि ही बोर्डापेक्षा मोठी आहे.

हजार बाळांमागं साधारण एकाला हा क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेला पाय, असतो, मुलांत मुलींच्या दुप्पट. गिराणाचा, चिरण्याचा यात काही संबंध नाही. आणि याला आता बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन पण लागत नाही. पोन्सेटी म्हणून डॉक्टर होते, स्पेनच्या मिनॉर्का बेटावरचे, तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करत देश सोडून निघाले आणि शेवटी अमेरिकेत आयोवाला पोचले, त्यांनी ही पद्धत बसवली. बाळाचा पाय हातानं हळूच थोडासा वळवायचा, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, आठवड्यानं काढायचं, परत थोडं वळवायचं, परत प्लास्टर. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं. बहुतेकांना शेवटी टाचेच्या मागची शीर सैल करायला एक छोटासा छेद, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. मग मधे सळई असलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, दिवसाचे 23 तास, आणि नंतर झोपताना, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बस्स. मूल धावतं.

यात सगळा खेळ आठवड्याचा आहे. ठरलेला वार पायजे, ठरलेला माणूस पायजे, प्लास्टर शिल्लक पायजे. सुश्रुतसंहितेत सुद्धा मोडलेल्या हाडाची बांधणी थंडीत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून बदला असं सांगितलंय, म्हणजे वार पाळायची अक्कल काय परदेशातनं आलेली नाही. तुम्ही गुरुवार काढून टाकला आणि काय झालं? बाई पहाटे गावातनं निघते, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून तिला तिकीट नाही हे चांगलं आहे, खरं सोबत आलेल्या बाप्याला आहे आणि त्याचा रोज बुडतो तो वेगळाच, दवाखान्यात पोचते तर लाइनीत पुढं गाडीवरनं पडलेले, कंबर धरलेले, सर्टिफिकेटवाले. डॉक्टर एक. अर्ध्यात अॅक्सिडेंटची केस आली की ओपीडी थांबली. दुपारी सांगतात प्लास्टर घालणारा नाही, उद्या या. उद्या कोण येतंय? पावसाळ्यात तर आमच्याकडं ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की उद्या म्हणजे पुढचा आठवडा. असा खंड पडला की आधीच्या प्लास्टरनं मिळवलेलं निसटायला लागतं. भाचीच्या पोराचं हेच झालं, मधल्या गॅपनं दोन-तीनदा मागं जाऊन परत सुरुवात.

तिसरं बुटांचं. प्लास्टर निघालं, पाय सरळ दिसला, सगळे खूश. बूट दिले आणि सोबत एक कागद, इंग्लिशमध्ये. भाची सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. पोर रात्री रडायला लागलं की सासू म्हणायची काढ ते, बेडीच घातल्यासारखी घातलीस, आणि ती काढायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बूट हाच खरा इलाज आहे, पाय परत वाकडा होण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट न घालणं हेच आहे. झाला परत वाकडा. परत प्लास्टरं. आता पोरगं चालतं, बरं चालतं, पण त्या पोरीनं जे रडून काढलं ते मराठीत छापलेल्या एका कागदानं वाचलं असतं. आंद्रीनं पुस्तक आईबापांसाठी लिहिलं होतं हे मी वर उगीच नाही सांगितलं.

आणि बाळंतपणाच्या वॉर्डाचं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मलेल्या प्रत्येक बाळाची व्यंगासाठी तपासणी व्हायची आहे, क्लबफूट त्या यादीत नावानिशी आहे, आशा ताईंनी घरी जाऊन पण बघायचं आहे. आमच्या आशा ताई चांगल्या आहेत, खरं त्यांनी बघून पाठवायचं कुठं? त्यांना गुरुवार माहीत होता, तो तुम्ही बंद केला.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. डॉक्टर एकच आहे, मुलांच्या केसेस महिन्याला दोन-चार, त्यासाठी अख्खा दिवस कसा अडवायचा. अख्खा दिवस मागतच नाही. सकाळचे दोन तास. केसेस कमी आहेत म्हणून वार काढला आणि वार नाही म्हणून केसेस येत नाहीत, हे चक्र कुणीतरी एका बाजूनं थांबवायला पायजे आणि ती बाजू आमची नाही. आणि जिल्ह्याला जा असं सांगणं म्हणजे बेळगावात राहणाऱ्यांसाठी ठीक आहे, दर आठवड्याला तान्हं बाळ घेऊन, प्लास्टर ओलं न करता, दोन बस बदलून जाऊन दाखवा एकदा.

तर मागण्या सरळ आहेत. गुरुवार, किंवा तुम्हाला सोयीचा दुसरा कुठला वार, सकाळचे दोन तास फक्त लहान मुलांसाठी परत चालू करा आणि डॉक्टर रजेवर असतील तर आदल्या दिवशी आशा ताईंना कळवा. प्लास्टर आणि बुटांचा साठा संपायच्या आत मागवा, सगळ्यात लहान साइझचे बूट कायम शिल्लक पायजेत, कारण बाळ थांबतं पण पाय वाढायचा थांबत नाही. बूट कसे घालायचे, किती तास, किती वर्षं, आणि आईचा काही दोष नाही, हे सगळं कन्नडात आणि मराठीत एका पानावर छापून द्या आणि वाचता न येणाऱ्या आईला वाचून दाखवा, सासूला पण समोर बसवून. डिस्चार्जच्या आधी प्रत्येक बाळाचे पाय बघून तायी कार्डावर, म्हणजे आईच्या नोंदीच्या कार्डावर, लिहा, वाकडे असतील तर कुठल्या खोलीत आणि कुठल्या वारी यायचं ते पण तिथंच लिहा. आणि बोर्डावर ती ओळ परत घाला, दोन्ही भाषांत. विभागाचं नाव बदला असं मी म्हणत नाही, ते तुमच्या हातात पण नसेल, पण आरोग्य रक्षा समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या आणि काय ठरलं ते नोटीस बोर्डावर लावा, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणून लावा.

खर्चाचं कारण सांगू नका. नवीन फ्लेक्स मी माझ्या पैशानं लावतो, बोर्ड आणि ते पानभर माहितीपत्रक दोन्हीची फाइल तयार आहे, वर कन्नड मोठं, एलुबु शब्द घालून, खाली मराठी, त्याखाली इंग्लिश, मधला 'ए' ठेवून. कन्नड शेजाऱ्यानं तपासलंय. माहितीपत्रक फक्त तुमच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा वाचून सही करायची आहे, औषधपाण्याची गोष्ट आहे, माझ्या शब्दावर छापणार नाही. दुकान बाजारपेठेतच आहे, नंबर तुमच्या ऑफिसात बिलावर आहेच. वार कुठला ठरला तेवढं कळवा, ती जागा मी रिकामी सोडलीय.

आपला,
बाजारपेठेतला फ्लेक्सवाला